जुलाब : एक शब्द, दोन अर्थ
(शिक्षक व पंचायत सदस्यांसाठी दिलेल्या भाषणाचा मजकूर)



आरोग्यपत्रकांत ‘अतिसार’ हा शब्द छापलेला असतो. यवतमाळ जिल्ह्यातील घरांत मात्र तो क्वचितच उच्चारला जातो. तेथे मुलाला हगवण लागते, ढाळ होतात, जुलाब होतात. झरी-जामणी, केळापूर भागात कोलामी व गोंडी, तर पुसद, दिग्रसकडे बंजारा बोलीही कानी पडते. पत्रकातला शब्द घरातल्या शब्दाशी जोडला गेला नाही, तर सूचना भिंतीवरच राहते.

‘अतिसार’ म्हणजे अतिशय सरणे, वाहणे. चोवीस तासांत ३ किंवा अधिक वेळा पातळ शौच होणे, अशी जागतिक आरोग्य संघटनेची व्याख्या आहे. अंगावर पिणाऱ्या बाळाची नेहमीची मऊ शौच अतिसारात मोडत नाही. शौचातून रक्त पडत असेल, तर तो आमांश. त्याला डॉक्टरांचे उपचार हवेत.

खरी अडचण ‘जुलाब’ या शब्दात आहे. फारसीतील ‘गुलाब’, म्हणजे गुलाबपाणी, अरबीत ‘जुलाब’ झाले. मराठीत आपण जुलाब घेतो, म्हणजे रेचक घेतो. आणि जुलाब होतात, म्हणजे आजारी पडतो. औषध आणि आजार एकाच नावाने ओळखले जातात. एरंडेल घेऊन पोट साफ करण्याची परंपरा जुनी असल्याने, “होऊ द्या, पोट साफ होईल” असा समज सहज रुजतो. कोठे कोठे तर मुलाचे पाणी व अन्नही बंद केले जाते.

या समजुतीची किंमत लहान मूल मोजते. पातळ शौचाबरोबर शरीरातील पाणी व क्षार निघून जातात. डोळे खोल जातात, जीभ कोरडी पडते, लघवी कमी होते, मूल मलूल होते.

उपाय साधा आहे. १९७१ साली बांगलादेशातील निर्वासितांच्या बनगाव येथील छावणीत पटकीची साथ असताना शिरेतून द्यावयाचे द्रव अपुरे पडले. तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ व ग्लुकोजचे पाणी तोंडाने देवविले आणि मृत्यूंचे प्रमाण झपाट्याने घटले. ग्लुकोजच्या सोबतीने आतडे मीठ शोषते व त्यामागे पाणी शोषले जाते. हगवणीतही ही क्रिया चालू राहते. हीच आपली जलसंजीवनी.

एक लिटरची पुडी एक लिटर स्वच्छ पाण्यातच विरघळवावी व द्रावण २४ तासांत संपवावे. दोन वर्षांखालील मुलास प्रत्येक पातळ शौचानंतर ५० ते १०० मिलिलिटर, घोटाघोटाने पाजावे. अंगावरचे दूध व आहार चालू ठेवावा. आरोग्य कर्मचाऱ्याच्या सल्ल्याने झिंकच्या गोळ्या १४ दिवस द्याव्यात. मूल सुस्त झाले किंवा काहीच पीत नसेल, तर विलंब न करता दवाखाना गाठावा.

शिक्षकांनी वर्गात ‘जुलाब’चे दोन्ही अर्थ उलगडून सांगावेत. पंचायत सदस्यांनी विहिरीत टीसीएल नियमित पडते की नाही, आशा स्वयंसेविकेकडे पुड्या आहेत की नाहीत, हे पाहावे. आणि अधिकाऱ्यांनी घरी गेल्यावर “अतिसार आहे काय?” असे न विचारता “कालपासून किती वेळा पातळ झाली? लघवी झाली काय?” असे विचारावे. उत्तर तत्काळ मिळेल, आणि उपचारही वेळेवर सुरू होईल.