बाळाची कातडी ओढू नका

आम्ही आरोग्य उपकेंद्रातल्या परिचारिका. रेवदंडा असो की मुरूड, लसीकरणाच्या दिवशी एक प्रश्न हळू आवाजात येतोच. “ताई, बाळाच्या शूच्या जागेची कातडी मागे जात नाही. न्हाऊ घालणाऱ्या मावशी म्हणतात, रोज तेल लावून थोडी थोडी ओढ, नाहीतर पुढे ऑपरेशन करावं लागेल. ओढू का?”

नका ओढू. नख जसं खालच्या मांसाला चिकटलेलं असतं, तशी ही कातडी जन्मतः आतल्या भागाला चिकटलेलीच असते. इंग्लंडच्या डॉ. गेर्डनर यांनी १९४९ साली लिहून ठेवलंय, १०० नवजात बाळांपैकी फक्त ४ जणांची कातडी पूर्ण मागे जात होती. पुढे ती आपोआप सुटते. कुणाची तिसऱ्या वर्षी, कुणाची दहाव्या, कुणाची वयात येताना. डेन्मार्कच्या डॉ. ऑस्टर यांनी १९६८ साली दाखवून दिलं, की १७व्या वर्षापर्यंत शंभरात एखाद्याचीच घट्ट राहते.

शू करताना टोक फुग्यासारखं फुगतं? धार नीट पडते आणि मूल रडत नाही, तर काळजी नको. कातडीखाली पांढरट गोळे दिसतात? दुखत नसेल, लाली नसेल, तर तो पू नव्हे. झडलेल्या पेशी असतात, आपसूक बाहेर पडतात.

ओढलं की मात्र बारीक चिरा पडतात. त्या भरताना व्रण होतो आणि सुटणारी कातडी घट्ट होऊन बसते. ज्या ऑपरेशनला भ्यायलो, तेच पदरी येतं. मागे गेलेली कातडी पुढे येईना आणि सूज आली, तर लगेच दवाखाना गाठा.

अंघोळीला बाहेरून पाणी घातलं की पुरे. मुलगा मोठा झाला, कातडी सहज मागे जाऊ लागली, की ती मागे घेऊन धुवायची आणि परत पुढे आणायची, हे त्याला शिकवा.

शू थेंबथेंब होते, करताना मूल कळवळतं, ताप, लाली, पू आहे, टोकाला पांढरा कडक व्रण दिसतो, तर डॉक्टरांना दाखवा. शू अडलीच, तर रात्र काढू नका. घट्ट कातडीला पुष्कळदा डॉक्टरांनी दिलेलं मलमच पुरतं. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक वर्षातून दोनदा अंगणवाडीत येतं, त्यांनाही विचारा. लाजू नका.

आणि मावशींवर रागावू नका. त्या मायेनेच करतात. आजचं हे बोलणं त्यांनाही ऐकवा.