माइकशी मैत्री

(मंडळाच्या सांस्कृतिक समितीपुढे दिलेले भाषण)



बंगळूरमध्ये वाढणाऱ्या आपल्या मुलांना मराठी गाणे स्टेजवर म्हणण्याची संधी वर्षातून एकदाच, या उत्सवात मिळते. महिनाभर तालीम होते. प्रत्यक्ष कार्यक्रमात मात्र मागच्या रांगेतून "आवाज!" अशी हाक येते, साउंडवाले आवाज वाढवतात आणि स्पीकर शिट्टी मारू लागतो. दोष गळ्याचा नसतो. म्हणून माइकबद्दल चार गोष्टी सांगतो.

पहिली गोष्ट निवडीची. आपल्या मंडपासाठी वायरचा डायनॅमिक माइक उत्तम. त्यात पातळ पडद्याला जोडलेले तारेचे वेटोळे चुंबकाजवळ हलते आणि त्यातूनच वीज तयार होते. बॅटरी लागत नाही, ऐन गाण्यात ती संपण्याची भीती नाही. शुअर कंपनीचा एसएम ५८ हा १९६६ साली आलेला माइक आजही जगभर वापरात आहे. त्याच्या नकलाही पुष्कळ निघतात, तेव्हा अधिकृत विक्रेत्याकडून पावती घेऊनच खरेदी करावी. बटण नसलेला माइक घ्यावा, म्हणजे मुलांच्या हातून तो चुकून बंद होत नाही.

दुसरी गोष्ट अंतराची, आणि हीच सर्वांत महत्त्वाची. ओठांपासून ५ सें.मी.वरचा माइक २० सें.मी.वर गेला की आवाज सुमारे १२ डेसिबलने घटतो. तो भरून काढायला मिक्सरवर आवाज वाढवला की स्पीकरचाच आवाज पुन्हा माइकमध्ये शिरतो आणि शिट्टी वाजते. दोन-तीन बोटांचे अंतर ठेवा, वरच्या सुरात जरा मागे या. 'प', 'भ' म्हणताना फुत्कार येत असेल तर माइक किंचित तिरपा धरा. फार जवळून खर्ज घुमत असेल तर मिक्सरवरचे 'लो कट' बटण दाबा.

तिसरी गोष्ट धरण्याची. हा माइक समोरचा आवाज जास्त आणि पाठीमागचा सर्वांत कमी घेतो. म्हणून गायकासाठीचा मॉनिटर माइकच्या बरोबर पाठीमागे ठेवावा, मुख्य स्पीकर गायकांच्या पुढे, श्रोत्यांकडे तोंड करून. जाळी मुठीत धरली की हा गुण जातो आणि शिट्टी लगेच सुरू होते. माइकवर टिचक्या मारू नयेत, फुंकरही घालू नये.

चौथी गोष्ट केबलची. तीन पिनांची बॅलन्स्ड केबल घ्या, बाहेरून आलेली घरघर ती बरीचशी कापते. रोषणाईच्या वायरींना ती समांतर नेऊ नका. ओलांडायचीच असेल तर काटकोनात ओलांडा. कार्यक्रमानंतर जाळी काढून साबणाने धुवावी आणि पूर्ण वाळल्यावरच बसवावी, कारण एकच माइक दहा जणांच्या तोंडाशी जातो.

शेजाऱ्यांचाही विचार हवा. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार रात्री १० ते सकाळी ६ उघड्यावर ध्वनिक्षेपक चालत नाही. वर्षातले काही ठरावीक दिवस राज्य सरकार मध्यरात्रीपर्यंत सवलत देऊ शकते, तेवढाच अपवाद. माइक नीट वापरला तर आवाज चढवावाच लागत नाही. आपल्याला मोठा नव्हे, स्पष्ट आवाज हवा आहे.

शेवटी एक विनंती. मंडळाने स्वतःचे दोन चांगले माइक घ्यावेत आणि पहिल्या तालमीपासून मुलांच्या हाती द्यावेत. हाताला सवय झाली की त्यांचे मराठी शब्द शेवटच्या रांगेतल्या आजी-आजोबांपर्यंत नक्की पोहोचतील.

गणपती बाप्पा मोरया!