परसातील अनुभवांची देवघेव
(मंडळाच्या मासिक सभेतील भाषण)



दिल्लीतील घरगुती बागेविषयी आम्ही बोलावे, अशी कार्यकारिणीची आज्ञा झाली. आम्ही वनस्पतिशास्त्राचे पदवीधर नव्हे. बी. ए. होऊन केंद्र सरकारच्या नोकरीत शिरलो आणि फायलींवर टिपणे लिहिण्यात आयुष्य गेले. तेव्हा आज सांगणार आहोत तो आमच्या चुकांचा जमाखर्च होय.

दिल्लीस प्रथम आलो तेव्हा साताऱ्याच्या परसातली अबोली बरोबर आणली होती. पौषातल्या एका रात्री पारा चार अंशांवर उतरला आणि सकाळी रोप काळे पडलेले दिसले. वसाहतीतील एक वयोवृद्ध काकू म्हणाल्या, "अहो, कुंडी दक्षिणेच्या भिंतीशी ठेवायची आणि रात्री वर पोते टाकायचे. आमची तीन रोपे मेली, तेव्हा कळले!" कोणत्याही पुस्तकापेक्षा हे वाक्य आम्हास मोलाचे वाटले, कारण पुस्तके पुण्यामुंबईच्या हवेची असतात आणि काकूंची तीन रोपे दिल्लीच्या थंडीत मेलेली होती.

त्यातूनच मंडळात 'बागेची वही' सुरू झाली. जो तो येऊन आपला अनुभव तीत लिहू लागला. येथले पाणी जड, माती क्षारयुक्त. म्हणून अनंताची पाने पिवळी पडतात, त्यास पालापाचोळ्याचे खत आणि साठविलेले पावसाचे पाणी मानवते. अळूचे कंद थंडीत निजतात. ते मेले असे समजून फेकू नयेत. कढीलिंबाचे बी ताजेच पेरावे, वाळवून ठेवल्यास रुजत नाही.

याच वहीत आमच्या हातून एक प्रमाद घडला. कढीलिंबाची पाने थंडीत पिवळी पडून गळतात, तेव्हा पाणी वाढवावे, असे आम्ही मोठ्या अधिकारवाणीने लिहिले. वस्तुतः झाड तेव्हा विश्रांती घेत असते. आमच्या शब्दावर विसंबून दोन कुटुंबांनी पाणी वाढविले आणि दोघांच्याही झाडांची मुळे कुजली. त्यांपैकी एक झाड त्या घरच्या दिवंगत आईंनी लावलेले होते. त्या घरी जाऊन क्षमा मागणे आम्हास फार जड गेले. पुढे वहीत त्या मजकुराखाली स्वतःच्या सहीने दुरुस्ती लिहिली. मूळ ओळ मात्र खोडली नाही, ती सर्वांना दिसू दिली.

कोल्हापूरचे श्री. अ. दाभोलकर गणिताचे प्राध्यापक. त्यांच्या 'प्रयोग परिवारा'त द्राक्षबागाइतदार आपापले प्रयोग एकमेकांस कळवीत. त्या थोर कार्याशी आमच्या वहीची तुलना करण्याचे धाडस आम्ही करणार नाही, परंतु जात तीच!

सन २०१६ मध्ये सरोजिनीनगर, नेताजीनगर, नौरोजीनगर आदी सात सरकारी वसाहतींच्या पुनर्विकासास केंद्रीय मंत्रिमंडळाने मंजुरी दिली. २०१८ साली वृक्षतोडीविरुद्ध नागरिक रस्त्यावर आले आणि दिल्ली उच्च न्यायालयाने तोडीस स्थगिती दिली, हे आपण जाणताच. अशाच एका वसाहतीतील तळमजला आम्हासही सोडावा लागला. अंगणातला कढीलिंब नेता येण्याजोगा नव्हता. निघण्यापूर्वीच्या पावसाळ्यात त्याच्या मुळांतून फुटलेली अकरा रोपे काढून अकरा घरी दिली. त्यांतली सात जगली. एक जगले ते त्याच घरी, जिथले झाड आमच्या सल्ल्याने गेले होते.

आता आम्ही नोएडात नवव्या मजल्यावर राहतो. गच्ची पश्चिमेची. ज्येष्ठातली लू आणि उंचावरचा वारा यांपुढे कुंडीतली माती दुपारपर्यंत भाकरीसारखी वाळते. हिरवे जाळीदार कापड आडवे लावले आहे, कुंडीवर पालापाचोळा पसरतो. तरी मोगरा रुसलेलाच आहे. उंच मजल्यावर ज्यांचा मोगरा फुलला असेल, त्यांनी कृपया वहीत लिहावे; ज्यांचा वाळला, त्यांनी तर अवश्य लिहावे.

वही आज चहाच्या टेबलापाशी ठेवली आहे. शेजारच्या पिशवीत अळूचे कंद आहेत. प्रत्येक घरी दोन, अधिक नेऊ नयेत.