थंडीचं वादळ आणि आपली शेगडी

आज आम्ही तुम्हाला आमचीच एक चूक सांगणार आहोत. फोनवर झाली म्हणून निभावली. घरात झाली असती तर निभावली नसती.

गोष्ट फेब्रुवारी २०२१ ची. मंगळवारी सकाळी बचतगटाची बैठक चालू होती. गटातल्या एका काकूंची लेक अमेरिकेत, टेक्सास राज्यात डॅलस शहराजवळ राहते. तिचा फोन आला. तिथं सोमवारची रात्र होती. वीज जाऊन वीस तास झालेले, बाहेर बर्फ, घरात दोन लहान मुलं. आम्ही सगळ्याजणी एका सुरात म्हणालो, "अगं, अंगणात कोळशाची शेगडी आहे ना? आत घे, पेटव आणि दारं-खिडक्या घट्ट लावून घे!"

ती म्हणाली, "नाही गं आई. इथं सारखं सांगताहेत, कोळसा घरात पेटवू नका. माणसं झोपेतच जातात."

आम्ही गप्प झालो.

टेक्सास म्हणजे अमेरिकेच्या दक्षिणेकडचा उन्हाचा मुलूख. तिथली घरं उकाड्याचा विचार करून बांधलेली. त्या आठवड्यात डॅलसला पारा शून्याखाली १९ अंशांपर्यंत उतरला. गॅसच्या विहिरी गोठल्या, वीज बनवणारी केंद्रं बंद पडली. त्या राज्याची वीजवाहिनी बाकीच्या देशापासून बरीचशी वेगळी, त्यामुळे शेजारून पुरेशी वीज घेता येईना. सुमारे ४५ लाख घरं अंधारात गेली. नळ फुटले, पाण्याचे हाल झाले. सरकारी मोजणीप्रमाणे २४६ माणसं गेली. बरीचशी थंडीनं गेली. पण काहीजण ऊब मिळवायला गेले आणि विषारी वायूनं गेले. कुणी घरात कोळसा पेटवला, कुणी बंद गॅरेजमध्ये गाडी चालू ठेवली.

आणि हे न कळत आलेलं संकट नव्हतं. २०११ साली तिथं असंच झालं होतं. यंत्रं थंडीसाठी तयार करा, असं तेव्हाच सांगितलं होतं. पुरतं कुणी मनावर घेतलं नाही. सक्तीचा कायदा झाला तो २०२१ च्या वादळानंतर.

काकूंच्या लेकीनं मात्र हवामानाचा अंदाज ऐकून दोन दिवस आधी तयारी केली होती. भांडी, बादल्या, आंघोळीचं टब पाण्यानं भरून ठेवलं. उघड्यावरच्या नळांना जुनी फडकी गुंडाळली. घरातले नळ बारीक धारेनं चालू ठेवले, कारण वाहतं पाणी लवकर गोठत नाही. औषधं, कोरडा खाऊ, भरलेला मोबाइल हाताशी ठेवला. शेजारच्या एकट्या आजींना घरी आणलं. मग सगळे एकाच खोलीत, दाराच्या फटीला टॉवेल लावून, पांघरुणं एकत्र करून झोपले. आत काहीही पेटवलेलं नव्हतं, म्हणूनच फटी बुजवणं चाललं. सगळे सुखरूप राहिले.

फोन ठेवल्यावर आम्ही एकमेकींकडे पाहिलं. आपल्याकडे बाळंतिणीची खोली कशी असते? खिडक्यांना चिंध्या, दार बंद, बाजेखाली शेगडी. आमच्यातल्या कितीतरी जणींनी असा शेक घेतला आहे आणि सुनांना दिलाही आहे. "डोकं जड झालंय" असं बाळंतीण म्हणाली, की आम्ही म्हणायचो, "अशक्तपणा आहे, झोप."

कोळसा, गोवऱ्या, लाकूड बंद जागेत जळलं की कार्बन मोनॉक्साइड नावाचा वायू तयार होतो. त्याला रंग नाही, वास नाही. निखारा लाल झाला, धूर संपला, म्हणजे धोका संपला असं नाही. हा वायू रक्तात प्राणवायूची जागा बळकावतो. डोकं दुखतं, गरगरतं, मळमळतं, गुंगी येते. झोपलेल्या माणसाला तर काही कळतच नाही. बाळ बिचारं सांगणार कसं?

म्हणून आमच्या गटानं तेव्हापासून चार गोष्टी ठरवल्या. शेगडी पेटवायची ती अंगणात किंवा उघड्या ओसरीवर. झोपायच्या खोलीत निखारा न्यायचा नाही, विझत आलेलाही नाही. बाळाला ऊब द्यायची ती आईच्या छातीशी, उघड्या अंगाला अंग लावून, वरून पांघरूण, डोक्याला टोपडं, पायांत मोजे. बाळाचं नाक-तोंड मोकळं ठेवायचं. आणि एका खोलीतल्या दोघा-तिघांचं डोकं एकदम दुखायला लागलं, तर आधी सगळ्यांना मोकळ्या हवेत आणायचं, मग १०८ ला फोन करायचा.

सासूबाईंना हे सांगणं सोपं नाही, हे आम्हाला ठाऊक आहे. आमच्यातल्या निम्म्या जणी स्वतःच सासवा आहेत! "आमच्या वेळी काही झालं नाही," असं आम्हीही म्हणत होतो. तेव्हाच्या कुडाच्या भिंती आणि कौलांच्या फटी हवा आत घेत होत्या, मैत्रिणींनो. आता स्लॅबचं घर आहे, घट्ट बसणाऱ्या खिडक्या आहेत. वारा जसा आत येत नाही, तसा वायूही बाहेर जात नाही.

कार्यक्रम संपला की एक काम करा. तुमच्या गल्लीत कुणी बाळंतीण असेल, तर तिच्या खोलीत डोकावून या. शेगडी आत दिसली तर भांडू नका. दोघी मिळून ती उचला आणि ओसरीवर ठेवा.