पिठातील किडा : निरीक्षणाचा एक पाठ



पिठात किडे कोठून येतात, असे वर्गात विचारले तर बहुतेक मुले ‘आपोआप होतात’ असेच उत्तर देतील. कीटकाच्या जीवनचक्राची आकृती त्यांना बिनचूक काढता येते, तरीही हा समज ढळत नाही. मांसात अळ्या आपोआप उपजत नाहीत, हे इटलीतील फ्रान्चेस्को रेदी ह्यांनी १६६८ साली झाकलेली व उघडी भांडी ठेवून सिद्ध केले. तोच मार्ग आपल्या शाळेत दोन बाटल्यांच्या साहाय्याने चोखाळता येईल.

पाश्चात्य देशांत पक्ष्यांना व माशांना चारण्यासाठी लोक घरी एक मोठी पिवळी अळी कोंड्यात पाळतात. २०२१ साली युरोपीय संघाने ती वाळवून माणसांनी खाण्यासही अनुमती दिली. तिच्याच कुळातील तांबडा भुंगेरा आपल्या घरच्या पिठात सापडतो. तो जेमतेम ३ ते ४ मिलिमीटर लांब असतो. म्हणून हाती भिंग असल्यास उत्तम.

कणीक कढईत मंद आचेवर चांगली तापवावी, म्हणजे तीत आधीच असलेली अंडी मरतील. ती निवल्यावर काचेच्या दोन कोरड्या बाटल्यांत सारखी भरावी. एकीत वीसएक भुंगेरे सोडावेत, दुसरीत एकही सोडू नये. दोन्हींच्या तोंडांवर दुहेरी तलम कापड घट्ट बांधावे. पाणी मुळीच घालू नये.

दर आठवड्यास पीठ बारीक चाळणीने चाळावे. मात्र किडे नसलेली बाटली आधी चाळावी. अंडी पिठाने माखलेली असल्यामुळे दिसणे कठीण. परंतु पुढे पिवळसर अळ्या, नंतर पांढरे कोश आणि शेवटी नवे भुंगेरे दिसतील. उबदार हवेत हे चक्र सुमारे एक महिन्यात पुरे होते. भुंगेरे फार वाढले की पिठाला उग्र वास येतो व त्याचा रंग पालटतो, हेही मुलांच्या ध्यानी आणून द्यावे.

प्रत्येक मुलाने स्वतः पाहिलेले तेवढेच वहीत लिहावे. काही दिसले नाही, तर ‘काही दिसले नाही’ असे लिहिण्याची त्यास मोकळीक असावी. क्वचित दुसऱ्या बाटलीतही किडे निघतील. तेव्हा ती गुपचूप बदलण्याचा मोह आपण टाळावा. पीठ नीट तापले नव्हते काय, कापड सैल होते काय, चाळणीतून अंडी गेली काय, ह्याचा शोध मुलांसह घ्यावा. फसलेला प्रयोग लपविणारा शिक्षक विज्ञान शिकवीत नाही, एवढे आपण जाणतोच.

एक दक्षता अत्यावश्यक आहे. ह्या बाटल्या व ती चाळणी पोषण आहाराच्या धान्यापासून दूर ठेवावी आणि प्रयोग संपताच पीठ किड्यांसह उकळत्या पाण्यात टाकावे. उकिरड्यावर कदापि फेकू नये.

हा भुंगेरा अखंड, स्वच्छ दाण्यात फारसा वाढत नाही. पीठ, चुरा व फुटके दाणे ह्यांवर तो पोसतो. हे कळलेले मूल घरी जाऊन आईला धान्य पाखडून, वाळवून व डबा पुसून भरण्यास सांगेल. त्या दिवशी आपला पाठ शाळेच्या उंबरठ्याबाहेर पोहोचला, असे समजावे.