नवा प्रोसेसर आणि जुना मदरबोर्ड

आजचा विषय वरवर पाहतां कारागिराच्या टेबलावरचा वाटेल. परंतु त्याचा संबंध तुमच्याआमच्या घरखर्चाशीं आहे. १४ ऑक्टोबर २०२५ रोजीं मायक्रोसॉफ्ट कंपनीनें विंडोज १० या प्रणालीचा नेहमींचा पाठिंबा थांबविला. तिच्या जागीं आलेली विंडोज ११ ही प्रणाली इंटेल कंपनीच्या आठव्या पिढीपूर्वींचे बहुतेक सर्व प्रोसेसर अधिकृतपणें स्वीकारीत नाहीं. त्यामुळें पनवेलच्या एखाद्या कुटुंबानें २०१६-१७ च्या सुमारास घेतलेला, मुलांचा अभ्यास आणि वडिलांचा पत्रव्यवहार निमूटपणें सांभाळणारा संगणक एकाएकीं जुना ठरतो.

अशा वेळीं एक विचार सहजच मनांत येतो. प्रोसेसर हा संगणकाचा मेंदू, आणि ज्या फलकावर तो बसतो तो मदरबोर्ड. मग सबंध यंत्र टाकून देण्याऐवजीं ग्रँट रोडजवळच्या लॅमिंग्टन रोडवर जाऊन नुसता नवा प्रोसेसर आणला, तर काम भागणार नाहीं काय? उत्तर असें कीं, कधीं भागतें, कधीं भागत नाहीं. मात्र कोणत्या वेळीं काय होईल, हें पैसे देण्यापूर्वींच जाणून घेतां येतें.

या प्रश्नाचें मर्म समजण्यास पनवेलकरांना आपला हार्बर मार्ग पुरेसा आहे. ३ फेब्रुवारी १९२५ रोजीं व्हिक्टोरिया टर्मिनस ते कुर्ला या हार्बर मार्गावर आपल्या देशांतील पहिली विजेची प्रवासी गाडी धांवली. ती १,५०० व्होल्टच्या एकदिश प्रवाहावर चाले. पुढें हा मार्ग वाढत पनवेलपर्यंत आला. आणि एप्रिल २०१६ मध्यें त्यावरील जुन्या प्रवाहाचा शेवट होऊन २५,००० व्होल्टचा प्रत्यावर्ती प्रवाह सुरू झाला. रूळ तेच राहिले, फलाटही तेच राहिले. परंतु केवळ जुन्या प्रवाहावर चालणाऱ्या गाड्या त्या तारेखालीं निरुपयोगी झाल्या. चाक रुळावर नीट बसतें, एवढ्यावरून गाडी चालेल असें ठरत नाहीं.

प्रोसेसरची गोष्ट हीच आहे. त्याचें आणि मदरबोर्डाचें जुळावयाचें तर तीन गोष्टी जुळाव्या लागतात. पहिली गोष्ट बैठक, म्हणजेच सॉकेट. बैठकच निराळी असेल तर प्रश्न तेथेंच मिटतो. एएमडी कंपनीची एएम ४ ही बैठक १,३३१ टांचण्यांची. २०२२ सालीं आलेली एएम ५ ही १,७१८ संपर्कबिंदूंची. एकीवरचा प्रोसेसर दुसरीवर बसणार नाहीं. शिवाय एएम ५ ला डीडीआर ५ जातीचीच स्मृति लागते, त्यामुळें जुनी स्मृतिपट्टीही वायां जाते.

दुसरी गोष्ट विजेची. कोणत्या बिंदूंतून कोणता प्रवाह यावयाचा, याची वांटणी दोन्हीकडे एकच हवी; आणि ६५ वॅटच्या प्रोसेसरसाठीं बेतलेल्या स्वस्त फलकावर १०५ वॅटचा प्रोसेसर बसविल्यास तो भार त्या फलकास पेलला पाहिजे.

तिसरी गोष्ट डोळ्यांना दिसत नाहीं. मदरबोर्डावर बायॉस नांवाची एक लहानशी आज्ञावली कायमची साठविलेली असते. लग्नघरच्या दारांत आमंत्रितांची यादी घेऊन उभ्या असलेल्या गृहस्थासारखें तिचें काम असतें. नव्या पाहुण्याचें नांव यादींत नसेल, तर तो कितीही थोर असो, त्याला आंत प्रवेश नाहीं.

आतां दोन शेजाऱ्यांची कल्पना करा. पहिल्यापाशीं इंटेलच्या सातव्या पिढीचा प्रोसेसर आहे. त्याची बैठक ११५१. ऑक्टोबर २०१७ मध्यें आलेल्या आठव्या पिढीची बैठकही ११५१ च. प्रोसेसर जुन्या जागीं बरोबर बसतो. परंतु संगणक चालूं होत नाहीं. कारण कंपनीनें विजेच्या बिंदूंची वांटणी बदलली आणि या पिढीसाठीं ३०० मालिकेचे नवे फलकच ग्राह्य धरले. नांव आणि आकार पाहून ज्यानें खरेदी केली, त्याचे पैसे बुडाले.

दुसऱ्या शेजाऱ्यापाशीं २०१७ सालचा एएम ४ फलक आणि पहिल्या पिढीचा रायझन प्रोसेसर आहे. विंडोज ११ च्या यादींत तोही नाहीं. परंतु बायॉस अद्ययावत् केल्यावर अशा कित्येक फलकांवर रायझन ५००० मालिकेचा प्रोसेसर चालतो. हेंही सुखासुखीं घडलें नाहीं. मे २०२० मध्यें कंपनीनें, बायॉसच्या साठ्यांत जागा अपुरी आहे असें सांगून, जुन्या फलकांना नकार दिला होता. ग्राहकांनीं गलका करतांच त्याच महिन्यांत ४०० मालिकेच्या फलकांना परवानगी मिळाली, आणि २०२२ सालीं त्याहून जुन्या ३०० मालिकेसही मिळाली. यावरून एक गोष्ट ध्यानांत येते कीं, अडचण पुष्कळदां खरी असली तरी ती सर्वस्वीं अपरिहार्य असतेच असें नाहीं. निर्मात्याची इच्छाही त्यांत मिसळलेली असते.

तेव्हां करावें काय? आपल्या फलकाचें पूर्ण नांव आणि आवृत्ति प्रथम टिपून घ्यावी. मग त्याच्या निर्मात्यानें प्रसिद्ध केलेल्या यादींत हवा तो प्रोसेसर आहे काय, आणि त्यास बायॉसची कोणती आवृत्ति लागते, हें पाहावें. दुकानदाराच्या शब्दापेक्षां ती यादी प्रमाण मानावी. बायॉस बदलावयाचा तो जुना प्रोसेसर जागेवर असतांनाच. कारण नवा बसविल्यावर यंत्र बोलेलच असें नाहीं. हें काम चालूं असतां वीज गेल्यास फलक निकामी होऊं शकतो. म्हणून पावसाळी वादळाच्या दिवशीं तें हातीं घेऊं नये.

यादींत नांव नसेल, तर नवा फलक, नवी स्मृति आणि नवा प्रोसेसर यांचा एकत्र हिशेब करावा. तो झेपत नसेल, तर त्याच यंत्रावर लिनक्ससारखी मोफत प्रणाली घालूनही पत्रव्यवहार, वाचन आणि लेखन उत्तम चालतें. आणि पुढें कधीं नवा संगणक घ्याल, तेव्हां त्याच्या वेगाबरोबरच त्याची बैठक किती वर्षें चालूं राहणार आहे, हेंही विक्रेत्यास अवश्य विचारा.