धूर मोजा, वय नको

(मंचर येथे वाहतूक व्यावसायिक व शेतकरी कुटुंबांसमोर झालेल्या भाषणाचा संपादित मजकूर)



मी अभियंता नाही. कला शाखेची पदवी घेतली आणि उरलेले आयुष्य बातमीदारीत गेले. इंजिनाच्या पोटातले तुम्ही मला शिकवाल. परंतु वाहनांच्या धुराविषयी न्यायालये आणि शासन निर्णय करतात, तेव्हा त्यांचा शेवटचा भार कोणाच्या खांद्यावर येऊन पडतो, हे पत्रकार म्हणून पाहत आलो आहे. त्याविषयीच आज बोलणार आहे.

समजा, आपल्यापैकी एकाने २०१७ च्या मार्च महिन्यात कर्ज काढून नवा कोरा ट्रक घेतला. तो बीएस-३ मानकाचा होता. शहरांत बीएस-४ चे इंधन २०१० पासून मिळू लागले होते; पण देशभर फिरणाऱ्या ट्रकला वाटेत सर्वत्र ते मिळण्याची खात्री नव्हती, म्हणून कंपन्या बीएस-३ चे ट्रक बनवीत राहिल्या. २९ मार्च २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की, १ एप्रिलपासून अशा वाहनांची विक्री बंद. त्या वेळी देशात आठ लाखांहून अधिक बीएस-३ वाहने विक्रीविना उभी होती आणि त्यांत सुमारे ९६ हजार व्यावसायिक वाहने होती. दोन दिवस सवलतींची नुसती लयलूट झाली. आपल्या मित्राला वाटले, सौदा चांगला झाला.

पुढे १ नोव्हेंबर २०२५ पासून दिल्लीबाहेर नोंदणी झालेल्या बीएस-३ आणि त्याखालील मालवाहू गाड्यांना राजधानीत प्रवेश बंद झाला. नारायणगावचा टोमॅटो दिल्लीपर्यंत जातो, हे तुम्हाला मी सांगायला नको. ज्या ट्रकला नऊ वर्षेही झाली नाहीत, ज्याचे कागदपत्र निर्दोष आहेत, त्याला ऐन हंगामात दिल्लीचे भाडे घेता येईना. यात मालकाचा अपराध कोणता? त्या दिवशी कायद्याने जे विकायला परवानगी दिली होती, तेच त्याने विकत घेतले.

मुंबईची गोष्ट याहून जवळची आहे. आपली मेथी-कोथिंबीर आणि ओतूरचा कांदा वाशीच्या बाजारात जातो. जानेवारी २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने महानगर प्रदेशातून पेट्रोल-डिझेलची वाहने टप्प्याटप्प्याने हटवता येतील का, याचा अभ्यास करायला सांगितले आणि राज्य शासनाने त्यासाठी समिती नेमली. दिल्लीला आज जे घडले ते वाशीच्या वेशीवर कधीच घडणार नाही, या भ्रमात कोणी राहू नये.

आता दुसरी बाजूही ऐका, कारण ती तुमच्याच घरची आहे. जून २०१२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने डिझेलचा धूर हा कर्करोगकारक असल्याचे निःसंदिग्धपणे जाहीर केले. हा धूर सर्वांत अधिक कोण घेतो? बंगल्यात राहणारा नव्हे. चालक घेतो, क्लीनर घेतो, आळेफाट्याच्या चौकात चहाचे पेले धुणारा पोरगा घेतो. अधिक ओढ मिळावी म्हणून पंपाची सेटिंग वाढवून घेणारे आणि परवानगीपेक्षा जास्त माल लादणारे मालक आपल्यातच आहेत. चढावर त्यांच्या गाडीमागे जो काळा लोट उठतो, त्याचे समर्थन मी करणार नाही.

मग प्रश्न उरतो तो मोजमापाचा. गाडी किती वर्षांची आहे हे मोजायचे, की ती किती धूर सोडते हे मोजायचे?

ट्रकचे आयुष्य तुम्ही जाणता. नियमाप्रमाणे साध्या दोन आसांच्या ट्रकला बारा वर्षांनंतर राष्ट्रीय परवाना मिळत नाही, बहुआसी ट्रकला पंधरानंतर. मग तो राज्यात फिरतो, पुढे तालुक्यात. विटा, खडी, पाण्याचा टँकर आणि हंगामात विघ्नहर किंवा भीमाशंकर कारखान्याचा ऊस, अशी त्याची उतरती वाटचाल असते. वर्षाकाठी त्याचे किलोमीटर घटत जातात आणि मालकही बदलत जातो. पहिला मालक मोठा वाहतूकदार असतो, शेवटचा बहुधा स्वतःच चालक असतो. नारायणगावच्या तमाशा फडांचेच पाहा. त्यांचे ट्रक जुने असतात. पण दसऱ्यानंतर बाहेर पडतात, वैशाखापर्यंत गावोगावच्या यात्रा करतात आणि पावसाळाभर उभे राहतात. रोज मुंबईची खेप करणारा पाच वर्षांचा ट्रक आणि फडाचा वीस वर्षांचा ट्रक यांत वर्षभरात हवा अधिक कोण बिघडवतो, हे जन्मतारखेवरून ठरवता येणार नाही.

अर्थात जुन्याची बाजू घेताना एक गोष्ट झाकून चालणार नाही. बीएस-३ डिझेलमध्ये दहा लाख भागांत ३५० भाग गंधक चालत असे, बीएस-४ मध्ये ५० आणि १ एप्रिल २०२० पासूनच्या बीएस-६ मध्ये केवळ १०. इंधन आज सर्वांना तेच स्वच्छ मिळते. पण नव्या ट्रकला काजळी अडवणारी गाळणी आहे, नायट्रोजनच्या वायूंवर युरियाच्या द्रावणाची मात्रा आहे. जुन्यात यांतले काहीच नाही. जुना ट्रक कितीही निगुतीने ठेवला तरी नव्याची बरोबरी करणार नाही. पण निगा राखलेला आणि हेळसांड झालेला, यांत फरक आहे आणि कायद्याने तो पाहिला पाहिजे.

डॉ. रघुनाथ माशेलकरांच्या समितीने २००२ मध्ये वाहन-इंधन धोरणाचा अहवाल दिला. शासनाने उत्सर्जनाची मर्यादा ठरवावी, ती कोणत्या तंत्राने गाठायची हे सांगू नये, आणि रस्त्यावरच्या वाहनांच्या तपासणीकडे लक्ष द्यावे, हे त्याचे सूत्र होते. तपासणीचा भाग आपण दुबळा ठेवला. पीयूसी केंद्रावर डिझेल गाडीच्या धुराची केवळ घनता पाहतात. नायट्रोजनचे वायू मोजलेच जात नाहीत. आणि प्रमाणपत्र कसे मिळते, हे या सभागृहात विचारले तर हशा पिकेल! जड वाहनांची तपासणी स्वयंचलित केंद्रांत व्हावी हा नियम १ एप्रिल २०२३ पासून लागू व्हायचा होता, तो १ ऑक्टोबर २०२४ वर गेला. यंत्राने होणारी तपासणी प्रामाणिक मालकाच्या हिताचीच आहे. तिला विरोध करू नका; ती आपल्या तालुक्यांच्या आटोक्यात असावी, अशी मागणी करा.

आणि मोडीचे गणित पाहा. ऑगस्ट २०२१ मध्ये जाहीर झालेल्या धोरणात मोडीची किंमत नव्या गाडीच्या मूळ किमतीच्या चार ते सहा टक्के धरली आहे. नवा ट्रक तीस लाखांचा धरला, तर हातात येतात सव्वा ते पावणेदोन लाख. त्यावर नव्या खरेदीत पाच टक्के सूट, रस्ताकरात पंधरा टक्क्यांपर्यंत सवलत. परंतु ही सवलत नवा ट्रक घेणाऱ्याला आहे! शेवटचा मालक नवा घेतच नाही, त्याची ऐपत सात-आठ वर्षांच्या गाडीची असते. उलट पंधरा वर्षांवरील जड मालवाहू गाडीच्या योग्यता प्रमाणपत्राच्या नूतनीकरणाचे शुल्क १ एप्रिल २०२२ पासून १२,५०० रुपये ठरवले गेले. धोरणकर्त्यांच्या मनात वाईट हेतू होता असे मी म्हणत नाही. त्यांच्या डोळ्यांसमोर हा माणूसच नव्हता, इतकेच.

हे तालुके हुतात्मा बाबू गेनूंचे आहेत. महाळुंगे पडवळच्या या तरुणाने १२ डिसेंबर १९३० रोजी मुंबईत विदेशी कापडाच्या ट्रकपुढे प्राण दिला. आज देशाला लागणाऱ्या कच्च्या तेलापैकी ८५ टक्क्यांहून अधिक बाहेरून येते. ट्रकच्या टाकीतले डिझेल हाही स्वदेशीचाच विषय आहे, आणि कमी इंधनात अधिक माल नेणारी गाडी आली तर तिचे स्वागत आपणच प्रथम केले पाहिजे.

मात्र ती यायची कशी? येथे सहकार आहे: दोन साखर कारखाने, बाजार समित्या, गावोगावच्या पतसंस्था. कारखाना ऊसवाहतुकीचे करार दर हंगामात करतोच. ते तीन-चार हंगामांचे केले, तर त्या कराराच्या आधारावर पतसंस्था बीएस-६ च्या जुन्या गाडीसाठी कर्ज देऊ शकेल. गाडी मोडीत दिल्यावर मिळणारे ठेव प्रमाणपत्र दुसऱ्याला विकता येते, हे आपल्यातील किती जणांना ठाऊक आहे? एकट्याने विकले तर दलाल भाव पाडेल, पन्नास जणांची प्रमाणपत्रे संघटनेने एकत्र विकली तर भाव आपण ठरवू. हे दोन विषय कारखान्यांच्या पुढच्या वार्षिक सभेच्या विषयपत्रिकेवर येतील, असे पाहा. सभासद तुम्हीच आहात, आणि सूचना लेखी द्यावी लागते.